पहिल्या ४० मिनिटांसाठी हार्डवेअर संचाची तयारी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: दोन ड्रम मशीन, एक ग्रूव्हबॉक्स (ठोके आणि सुरावटी एकत्र वाजवणारे यंत्र), एक ॲनालॉग आणि एक डिजिटल सिंथ (विजेवर आवाज घडवणारी वाद्ये), एक सॅम्पलर (साठवलेले आवाज वाजवणारे यंत्र) आणि पाच पेडल (आवाजावर परिणाम करणारी छोटी उपकरणे) असा संच तुम्ही दीड वर्ष घरी वाजवत आहात, आता संगणकाशिवाय लोकांसमोर ४० मिनिटे वाजवायची आहेत, आणि त्यासाठी आणखी कोणते यंत्र घ्यावे हे तुम्हाला जाणून घ्यायचे आहे. माझे उत्तर असे की, नवे काहीही घेऊ नका. उलट आहे त्यातून निदान दोन यंत्रे आणि तीन पेडल कमी करा. उरलेला वेळ जे ठेवाल ते बंद पडले तर काय करायचे, याचा विचार करण्यात घालवा.

घरी एखादे यंत्र अडले तर केबल बदलून किंवा ते बंद करून पुन्हा सुरू करून पाहायला हवा तेवढा वेळ असतो. मंचावर त्या वेळात श्रोते गप्पा मारायला लागतात. म्हणून मी संच ठरवताना प्रत्येक यंत्राबाबत एकच प्रश्न विचारतो: हे आत्ता बंद पडले, तर पुढचे एक मिनिट काय वाजत राहील? तुमच्या वर्णनावरून मुख्य ठोके, बेस आणि क्लॉक (सगळ्या यंत्रांना एका लयीत ठेवणारा संकेत) ही तिन्ही कामे एकट्या ग्रूव्हबॉक्सकडे आहेत. तो थांबला की सगळेच थांबणार. हे बदलण्यासाठी नवे यंत्र लागत नाही. मुख्य ड्रम मशीनमध्ये तुमच्या प्रत्येक तुकड्यासाठी एक साधा पॅटर्न (पुन्हा पुन्हा फिरणारी ठोक्यांची रचना) त्याच लयीत साठवून ठेवा आणि ते यंत्र क्लॉकशिवाय स्वतंत्रपणे चालवता येते याची खात्री करा; सॅम्पलरच्या एका पॅडवर (बोटाने दाबायच्या कळेवर) दोन-तीन मिनिटांचा, ठोका नसलेला लांब ध्वनी ठेवा, जो कोणत्याही क्षणी एका बोटाने सुरू करता येईल. एवढ्या तयारीने एका वेळी कोणतेही एक यंत्र गेले तरी पूर्ण शांतता होणार नाही. दुसरे ड्रम मशीन केवळ टाळ्यांच्या आणि हाय-हॅटच्या आवाजांसाठी असेल, तर ते आवाज सॅम्पलरमध्ये घेऊन ते यंत्र घरी ठेवावे. सिंथ दोन हवेतच का, हेही एकदा पाहा. एका सिंथचे तुकडे सॅम्पल करून भागत असेल तर भागवावे.

विजेकडे सगळ्यात कमी लक्ष दिले जाते, आणि माझ्या पाहण्यातल्या निम्म्याहून अधिक अडचणी तिथूनच आल्या आहेत. ॲडॉप्टरचा प्लग बसतो म्हणजे ॲडॉप्टर योग्य आहे असे मुळीच नाही. गिटार पेडलांच्या ९ व्होल्टच्या ॲडॉप्टरमध्ये साधारणतः मधला ध्रुव ऋण असतो, तर कोर्गच्या व्होल्का मालिकेतील यंत्रांना त्याच ९ व्होल्टला मधला ध्रुव धन लागतो. अंधारात घाईने अदलाबदल झाली तर यंत्र जळू शकते. म्हणून प्रत्येक ॲडॉप्टरच्या दोन्ही टोकांना यंत्राचे नाव लिहिलेली पट्टी चिकटवा. सगळे ॲडॉप्टर एकाच लांब पट्टी-बोर्डवर कायमचे बांधून तो बोर्ड संच ज्या फळीवर मांडता तिच्या खालच्या बाजूला स्क्रूने बसवा, म्हणजे मंचावर गेल्यावर तुमच्याकडून एकच वायर बाहेर निघेल. सगळ्या पेडलांना एकाच ॲडॉप्टरवरून फाटे काढून वीज देऊ नये. डिजिटल पेडलचा किणकिणाट त्याच तारेतून शेजारच्या डिस्टॉर्शनमध्ये (आवाज मुद्दाम फाडणाऱ्या पेडलमध्ये) शिरतो आणि तिथे कित्येक पट मोठा होतो. प्रत्येक मार्ग अंतर्गत वेगळा असलेला पेडल पुरवठा इथे कामाचा ठरतो. नवे काही घेऊ नका असे म्हटले असले तरी हा खर्च मी मान्य करीन.

आता क्लॉक. तो मिडीतून, म्हणजे यंत्रे एकमेकांना सूर आणि आदेश पाठवतात त्या जोडणीतून, जातो. मिडीची पहिली जाहीर जोडणी १९८३ च्या जानेवारीत झाली, तेव्हा सिक्वेन्शियल सर्किट्सचा प्रॉफेट-६०० आणि रोलंडचा जुपिटर-६ एकमेकांना जोडले गेले होते, आणि त्या वेळी ठरलेला वेग आजही पाच पिनांच्या केबलमध्ये तोच आहे: सेकंदाला ३१,२५० बिट. एक बाइट पाठवायला १० बिट लागतात, म्हणजे एका बाइटला ३२० मायक्रोसेकंद आणि तीन बाइटच्या एका सुरासाठी जवळपास १ मिलिसेकंद. सहा सुरांचा स्वरमेळ एका केबलमधून गेला तर पहिल्या आणि शेवटच्या सुरात पाच-सहा मिलिसेकंदांचे अंतर पडू शकते. हे अंतर पॅड म्हणतात तशा हळू चढणाऱ्या, पसरट आवाजात कळत नाही. पण त्याच केबलवर ठोक्यांचे सूरही असतील, आणि शिवाय तुम्ही फिल्टरच्या (आवाजातले काही स्वर कापणाऱ्या भागाच्या) खुंटीची हालचाल सतत पाठवत असाल, तर ठोका सैल पडल्यासारखा वाटतो. क्लॉकचा बाइट इतर संदेशांच्या मधेही शिरू शकतो, त्याला तशी मुभा आहे. सुरांना ती नाही. म्हणून ठोक्यांसाठी एक केबल आणि सुरावटींसाठी दुसरी, अशी विभागणी शक्य असेल तर अवश्य करावी.

क्लॉकचे एका ठोक्याला २४ स्पंद जातात. मिनिटाला १२० ठोक्यांच्या लयीत दोन स्पंदांमधले अंतर २०.८ मिलिसेकंद होते. क्लॉक देणारे यंत्र संचात एकच असावे आणि बाकीच्या प्रत्येक यंत्रात क्लॉक पाठवणे बंद केलेले असावे, ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते. पण नव्या प्रोजेक्टमध्ये ही सेटिंग पुन्हा मूळ अवस्थेत गेली आहे, हे बहुतेकांना साउंडचेकच्या (कार्यक्रमाआधीच्या ध्वनी तपासणीच्या) वेळी कळते. काही यंत्रांत ती पूर्ण यंत्राला लागू असते, काहींत प्रोजेक्टगणिक बदलते. तुमच्या प्रत्येक यंत्राची ती कुठे साठवली जाते हे एकदा तपासून कागदावर लिहून ठेवा.

ज्या अडचणीचा उल्लेख माहितीपुस्तिकांत क्वचितच सापडतो, ती ही: मागून चालणाऱ्या यंत्राला क्लॉकचे स्पंद मिळणे आणि ‘सुरू हो’ हा संदेश मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. समजा वाजवताना ड्रम मशीनची वीज गेली आणि ते पुन्हा चालू झाले. त्याला स्पंद लगेच मिळू लागतात, पण ‘सुरू हो’ हा संदेश तर आधीच होऊन गेलेला असतो, त्यामुळे ते लय ओळखते आणि तरीही गप्प बसून राहते. काही यंत्रांत अशा वेळी त्यांची स्वतःची प्ले कळ दाबली की ती चालू क्लॉकवर धावू लागतात, आणि मग योग्य मात्रेवर बोट पडले पाहिजे. काहींत ही सोयच नाही, आणि मुख्य यंत्र थांबवून पहिल्यापासून सुरू करणे एवढाच मार्ग उरतो. तुमचे प्रत्येक यंत्र यांपैकी कोणत्या प्रकारचे आहे, हे प्रयोग करून पाहावे. त्याच बरोबर प्रत्येक यंत्र वीज दिल्यापासून वाजायला तयार होईपर्यंत किती सेकंद घेते, तेही घड्याळ लावून मोजावे. एका सॅम्पलरला त्याचे कार्ड वाचायला दीड मिनिट लागते, हे मला मंचावर कळले होते; त्या दीड मिनिटाइतका लांब काळ मी क्वचितच अनुभवला आहे.

जोडणीच्या आणखी दोन सापळ्यांचा उल्लेख करतो. पहिला सापळा प्लगचा. टीआर-८०८ सारख्या जुन्या ड्रम मशीनला मागे पाच पिनांचे जे छिद्र असते, ते मिडीसारखे दिसते, पण तो डिन सिंक (लय जुळवण्याची जुनी जोडणी) आहे आणि त्यातून जाणारा संकेत पूर्णपणे वेगळा असतो. रोलंडच्या यंत्रांत त्याचेही एका ठोक्याला २४ स्पंद, तर जुन्या कोर्गमध्ये ४८. लहान जॅकच्या मिडीतही ‘ए’ आणि ‘बी’ असे दोन प्रकार प्रचलित होते. २०१८ मध्ये ‘ए’ हा प्रमाण ठरला, पण त्याआधीची यंत्रे अजून वापरात आहेत. व्होल्कासारख्या यंत्रांच्या सिंक जॅकमधून तर एका ठोक्याला दोनच स्पंद येतात. दुसरा सापळा वर्तुळाचा: एका यंत्राचा आउट दुसऱ्याच्या इनमध्ये आणि दुसऱ्याचा आउट पहिल्याच्या इनमध्ये असेल, आणि दोन्हींत आलेला संदेश पुढे पाठवण्याची सेटिंग चालू असेल, तर तोच सूर फिरत राहतो, आवाज दुप्पट जाड आणि विचित्र पोकळ होतो, किंवा यंत्र अडकून पडते. तीनपेक्षा जास्त यंत्रांना क्लॉक द्यायचा असेल तर साखळी करण्यापेक्षा एक साधा थ्रू बॉक्स (एकच संकेत अनेक यंत्रांना वाटणारी पेटी) वापरावा, कारण साखळीतले मधले यंत्र बंद पडले की पुढची सगळी आंधळी होतात. एखादे यंत्र बंद पडले तर काय वाजत राहील, ही सुरुवातीची कसोटी इथेही लागू होते.

पॅटर्न बदलण्याचे आदेश एका यंत्राकडून दुसऱ्याला पाठवायचे असल्यास एक बारकावा लक्षात घ्यावा. बहुतेक यंत्रे प्रोग्रॅम चेंज हा आदेश आल्याबरोबर बदलत नाहीत, चालू पॅटर्न संपण्याची वाट पाहतात. म्हणून नव्या पॅटर्नच्या पहिल्या पायरीवर हा आदेश ठेवला, तर दुसरे यंत्र तो ऐकते, पण एक फेरी उशिरा बदलते. आदेश आधीच्या पॅटर्नच्या शेवटच्या भागात ठेवावा लागतो. मी स्वतः आता हे आदेश जवळजवळ वापरत नाही; दोन यंत्रांचे पॅटर्न हाताने बदलतो, कारण त्यामुळे एखादा तुकडा रंगला तर तो दुप्पट लांबवण्याची मोकळीक राहते.

आवाजाच्या पातळीबाबत घरचा अनुभव फसवा असतो. व्यावसायिक लाइन पातळी अधिक ४ डीबीयू, म्हणजे सुमारे १.२३ व्होल्ट, घरगुती उपकरणांची उणे १० डीबीव्ही, म्हणजे सुमारे ०.३२ व्होल्ट, दोहोंत जवळपास १२ डेसिबलचे अंतर.  तुमच्या मिक्सरमध्ये ही सगळी वेगवेगळ्या ताकदीची मंडळी एकत्र येतात, त्यामुळे प्रत्येक चॅनेलचा गेन (आत येणारा आवाज किती वाढवायचा ती पातळी) आधी लावून घ्यावा, आणि तो त्या यंत्राच्या सर्वांत मोठ्या आवाजाच्या पॅटर्नवर लावावा, पहिल्या पॅटर्नवर नव्हे. सगळे फेडर (मिक्सरच्या सरकत्या खुंट्या) एका सरळ रेषेत असताना मिश्रण बरोबर वाटले पाहिजे. म्हणजे अंधारात फेडर कुठे परत आणायचा, हे बोटांना कळते. शेवटी मुख्य आउटपुटवर शिखर पातळीपेक्षा १० ते १२ डेसिबल जागा मोकळी ठेवावी. फिल्टरचा रेझोनन्स (एक अरुंद स्वरपट्टा उठवणारी सेटिंग) पूर्ण उघडल्यावर तो स्वतः शिट्टी मारू लागतो, आणि घरच्या लहान स्पीकरवर जी शिट्टी गोड वाटते, ती मोठ्या यंत्रणेवर लोकांना कान झाकायला लावते. ॲनालॉग सिंथच्या चॅनेलवर एक लिमिटर (ठरलेल्या पातळीवर आवाज जाऊ न देणारा) ठेवला तर तुमच्या उरलेल्या दोन पेडलांपैकी एक जागा सार्थकी लागली असे समजा.

कमी आवाजात मानवी कानाला खालचे स्वर कमी ऐकू येतात, म्हणून घरी सगळेच जण बेस वाढवून ठेवतात. सबवूफर असलेल्या ठिकाणी तोच बेस सगळे गिळून टाकतो. शक्य असेल तर तालमीतली दोन सत्रे मोठ्या स्पीकरवर करावीत. शक्य नसेल तर निदान ओळखीच्या ध्वनिमुद्रणाशेजारी तुमचे मिश्रण सारख्याच आवाजात वाजवून बेसची तुलना करावी. दुसरी तपासणी मोनोची. पुष्कळ ठिकाणी डावे-उजवे एकत्र करूनच वाजवतात. तुमच्या डिजिटल सिंथचा रुंद कोरस (आवाज दाट करणारा परिणाम) किंवा उलट फेजने रुंदावलेला पॅड मोनोमध्ये अर्धा नाहीसा होऊ शकतो, आणि डावी-उजवीकडे उड्या मारणारा डिले (प्रतिध्वनीचा परिणाम) नुसता गोंधळ वाटतो. किक आणि बेस हे तर नेहमी मध्यभागीच ठेवावेत.

साउंड इंजिनिअरला काय द्यायचे, यावर मतभेद आहेत. काही जण प्रत्येक यंत्राचा वेगळा चॅनेल देतात. माझे मत असे की, पहिल्या कार्यक्रमात फक्त एक स्टिरिओ जोडी द्यावी, कारण तुमच्या संगीतात कोणता आवाज पुढे यायचा आहे हे त्या क्षणी फक्त तुम्हाला माहीत असते. ही जोडी ट्रान्सफॉर्मर असलेल्या दोन पॅसिव्ह डीआय बॉक्समधून (तुमचा संकेत मंचाच्या ध्वनियंत्रणेला जुळवून देणाऱ्या, वीज न लागणाऱ्या पेट्यांमधून) द्यावी आणि ते बॉक्स स्वतःचे असावेत. जमिनीच्या तारेतून वर्तुळ तयार झाले की ५० किंवा ६० हर्ट्झची घरघर ऐकू येते. डीआयवरचे ग्राउंड लिफ्टचे (संकेताची जमिनीची जोडणी तोडणारे) बटण ती बहुधा घालवते. प्लगची अर्थिंगची पिन मात्र कधीही काढू नये. त्याने घरघर जाते, पण सोबत विजेच्या धक्क्यापासूनचे संरक्षणही जाते आणि जिवावर बेतू शकते. घरघरीऐवजी किरकिर, चिरचिर असा आवाज येत असेल तर संशय यूएसबीवर घ्यावा. पाच पिनांच्या मिडीत प्रकाशाद्वारे विद्युत विलगीकरण केलेले असते, यूएसबीत ते नसते. म्हणून क्लॉकसाठी जिथे दोन्ही पर्याय असतील तिथे मी जुनीच केबल निवडतो.

आता हातांविषयी. ४० मिनिटांत तुम्ही खरोखर किती खुंट्या फिरवणार आहात, ते मोजा. तालमीचे चित्रीकरण करून पाहिले तर आठ-दहापेक्षा जास्त निघत नाहीत. त्या आठ-दहांवर रंगीत पट्टी चिकटवा आणि ज्यांना हात लागता कामा नये त्यांच्यावर, शक्य असल्यास, आवरण बसवा. साठवलेला पॅच (सिंथमध्ये जतन केलेला आवाज) आणि खुंटीची प्रत्यक्ष जागा यांच्यातली तफावत हा स्वतंत्र विषय आहे: पॅच बदलला की फिल्टर आतून बंद असतो आणि खुंटी मात्र मागच्या तुकड्यात पूर्ण उघडी राहिलेली असते, तिला किंचित हात लागला की आवाज एकदम किंचाळतो. काही सिंथमध्ये खुंटी साठवलेल्या किमतीपर्यंत पोहोचल्यावरच परिणाम सुरू होईल, अशी सेटिंग असते. ती सुरक्षित आहे, पण तीत हात फिरवूनही काही घडत नाही असा एक क्षण येतो आणि नवखा वादक घाबरून जोराने फिरवतो. कोणती सेटिंग निवडावी यापेक्षा सगळ्या यंत्रांत एकच निवडावी, हे महत्त्वाचे. ॲनालॉग सिंथ तापायला २० ते ३० मिनिटे द्यावीत आणि मंचावरचे दिवे लागल्यावर पुन्हा सुरात आणावा.

कार्यक्रमाची बांधणी करताना बारा लहान तुकड्यांऐवजी सहा-सात मिनिटांचे सहा तुकडे ठेवावेत. सांध्यांवर सगळ्यात जास्त तालीम लागते. दोन तुकड्यांच्या मध्ये एखादा ठोका नसलेला आवाज, सॅम्पलरवरचा तो लांब ध्वनी किंवा सिंथचा धरून ठेवलेला सूर, पुलासारखा वापरावा आणि त्याच्या आडून लय बदलावी, पॅटर्न निवडावे, खुंट्या जागेवर आणाव्यात. लयीशी जोडलेला डिले त्या वेळी बंद ठेवावा, कारण पुष्कळ डिलेंमध्ये लय बदलताना आत अडकलेल्या आवाजाचा सूर घसरतो. हा परिणाम मुद्दाम हवा असेल तर गोष्ट वेगळी. एकमेकांना भिडणाऱ्या तुकड्यांच्या पट्ट्या जुळतात का, हेही आधी पाहावे. आपोआप साठवणाऱ्या यंत्रांत वाजवताना केलेले बदल कायमचे नोंदले जातात. म्हणून कार्यक्रमासाठी प्रोजेक्टची वेगळी प्रत करावी, मूळ प्रत दुसऱ्या कार्डवर ठेवावी, आणि ते दुसरे कार्ड यंत्रात प्रत्यक्ष घालून उघडते का, ते पाहावे. न तपासलेली प्रत ऐन वेळी उघडली नाही तर तिचा काहीच उपयोग नसतो.

तालीम उभे राहून, मंचावर असेल तेवढ्याच उंचीच्या टेबलावर आणि मंद उजेडात करावी. शेवटच्या आठवड्यात एखाद्या मित्राला सांगावे की, वाजवताना मधेच न सांगता कोणतेही एक यंत्र बंद कर. पहिल्या दोन वेळा तुम्ही गोंधळाल. पाचव्या वेळेपर्यंत लांब ध्वनीचे पॅड, ड्रम मशीनचा साधा पॅटर्न आणि पडलेल्या यंत्राचा चॅनेल म्यूट करणे, या तिन्ही गोष्टी विचार न करता होऊ लागतील. संपूर्ण संच पेटीतून काढून वाजता करायला किती वेळ लागतो, तेही मोजा. २० मिनिटांच्या वर जात असेल तर केबल फळीवर कायम जोडलेल्या नाहीत, एवढाच त्याचा अर्थ.

साउंडचेकमध्ये पहिला तुकडा वाजवून थांबू नका. सर्वांत जड आणि सर्वांत तीक्ष्ण असे दोन तुकडे वाजवा आणि इंजिनिअरला ते तसे असल्याचे सांगा. मॉनिटर (वादकाकडे तोंड केलेला स्पीकर) स्वतःजवळ मागून घ्या. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. १० मीटरवरच्या मुख्य स्पीकरचा ठोका तुमच्यापर्यंत जवळजवळ २९ मिलिसेकंद उशिरा येतो, आणि त्यावर हाताने पॅड वाजवले तर तुम्ही हमखास मागे पडता. कानांत संरक्षक बोळे घालूनच तालीम करा, म्हणजे मंचावर ते परके वाटणार नाहीत. १०० डेसिबलच्या आसपास सुरक्षित मानला जाणारा वेळ १५ मिनिटांचा आहे आणि तुमचा कार्यक्रम त्याच्या जवळजवळ तिप्पट आहे.

वाजवून झाल्यावर मुख्य फेडर खाली आणा, इंजिनिअरने त्यांच्या बाजूने चॅनेल बंद केल्याची खूण मिळू द्या, आणि मगच पट्टी-बोर्डचे बटण बंद करा, नाहीतर सगळी यंत्रे एकदम बंद होताना उठणारा धक्का त्यांच्या स्पीकरमधून जाईल. सुरू करताना हाच क्रम उलटा: आधी यंत्रे, मग मिक्सर, आणि इंजिनिअरचा चॅनेल सर्वांत शेवटी.